पांढरी झावळी

“बाभळीला शेंडे लई, एक तुटं, दुजा फुटं
शिंदीबाईला शेंडा एक, तुटला की जीव सुटं…”

आधी हा आवाज आला, आणि मग ओढ्याच्या वळणावर हन्नाआत्या दिसली.

झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस होता. उन्हं कलली होती. आमची मंडळी गाणं म्हणत ओढ्याकडे निघाली होती. पुढं अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांच्या हातात चर्चचा कोयता. शेजारी नवे पाळक पारखेसाहेब. मागं याकोब, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन; आणि त्याच्यामागं आम्ही बायामाणसं. समोरून ती ओवी आली तसं आमचं गाणं एकेकाच्या तोंडातून गळत गेलं आणि शेवटी नुसती पावलं वाजत राहिली.

ओढ्याकाठच्या शेवटच्या शिंदीला पाठ टेकून आत्या बसली होती. पाय लांब केलेले, मांडीवर सूप, सुपात मटकी. खडे वेचत होती. वर, तिच्या डोक्यावर, सुगरणींचे मागल्या सालचे रिकामे खोपे वाऱ्यानं हलत होते.

“हन्ना, ऊठ,” अण्णा म्हणाले.

“मटकी निवडतेय.”

“घरी निवड.”

“घरी उजेड कमी पडतो.”

मागं कुणीतरी हसलं. मला मात्र हसू आलं नाही. आत्याच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता आणि घडी केलेली वाकळ होती. ती मटकी निवडून उठणार नव्हती.

मांडव्यातली आमची ख्रिस्ती वस्ती लहान, पण झावळ्यांच्या रविवारसाठी पंचक्रोशीत नाव असलेली. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोक झावळ्या घेऊन सामोरे गेले, त्याची आठवण म्हणून सगळीकडेच त्या दिवशी मिरवणूक निघते. आमच्याकडे मात्र हिरव्या झावळ्यांच्या पुढं एक पांढरी झावळी चाले. शिंदीच्या शेंड्यात, अजून उन्हाचं तोंड न पाहिलेली, मिटलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची. ती काढायची म्हणजे झाडाच्या डोक्यात कोयता घालून गाभा उघडावा लागे. गाभा गोड असतो. त्याच्या फोडी करून पोरांना वाटत. मीही खाल्ल्यात. झाड मग पावसाळाभर उभं राही, दिवाळीपर्यंत झावळ्या मिटलेल्या छत्रीसारख्या खाली येत, आणि पुढल्या उन्हाळ्यात नुसता खांब.

दर साली एक. मोठी माणसं सांगत, पूर्वी ओढ्याला शिंदी एवढी दाट होती की पाण्यापर्यंत ऊन पोचायचं नाही. देवाला पहिलं आणि कोवळं द्यावं, असं आम्ही लहानपणापासून शिकलो होतो. ते द्यायला कुणी कधी हात आखडला नाही.

मी नगरला शिक्षिकेचा कोर्स करत होते आणि सणाला घरी आले होते, त्या साली ओढ्याला एकच शिंदी उरली होती. ती उरली होती, कारण तिला हात लावायला लोक कचरत. आत्याचे मालक, शांतवनमामा, त्या झाडावरून पडून गेले होते.

तेही झावळ्यांच्याच रविवारी. मी तेव्हा शाळेत होते. पहाटे ओढ्याकडे गेलेल्या बायांना ते झाडाखाली सापडले. शेजारी ताडीवाल्यानं झाडाला टांगलेलं मडकं फुटलेलं, सदरा शिंदीनं, म्हणजे त्या झाडाच्या ताडीनं, भिजलेला, आणि वास असा की माश्या उठेनात. आमच्या वस्तीत दारूला बंदी. आजोबांच्या पिढीनं तशी शपथच घेतलेली. त्यात सणाची पहाट. त्या दिवशी मिरवणूक निघाली नाही. संध्याकाळी मंडळीच्या पंचांनी ठरवलं आणि मामांना कब्रस्तानाच्या निवडुंगाच्या कुंपणाबाहेर पुरलं. चर्चची घंटा वाजली नाही. आत्यानं त्या दिवसासाठी पांढरं लुगडं कांजी घालून ठेवलं होतं. पांढऱ्या झावळीच्या मागं गाणं सांगत चालायचा मान त्या साली पहिल्यांदा तिला मिळाला होता. तेच लुगडं नेसून ती कुंपणाबाहेर उभी राहिली. त्यानंतर या रविवारी ती चर्चला कधी आली नाही.

“नवरा शिंदीपायी गेला,” याकोबची आई मागून म्हणाली, “आता बाई शिंदीपाशी बसली.”

“बसले तरी,” आत्या म्हणाली. “चढले तर न्हाई.”

पारखेसाहेब पुढं झाले. ते त्याच महिन्यात आमच्याकडे आले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, “हन्नाबाई, काय म्हणणं आहे तुमचं?”

आत्याचा हात सुपात थांबला. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

“साहेब, हे शेवटलं हाय. ह्याचा शेंडा काढला की ह्ये मरणार. हितं सगळ्यांना ठावं हाय ते, शेंबड्या पोरालासुदीक. मग पुढल्या साली देवाला काय न्याल? आन्‌ ती पाखरं? आवंदा खोपं बांधायला येतील तवा त्यांना काय सांगू, झाड आमच्या सणाला लागलं?”

“पुढल्या सालचं पुढल्या साली,” अण्णा म्हणाले. “उद्या नगरहून सगळ्या मंडळ्यांचे अध्यक्षसाहेब येतायत. पांढऱ्या झावळीशिवाय आपली मिरवणूक कधी निघाली नाही.”

“एकदा निघाली न्हवती,” आत्या म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते खोप्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पंचांच्या वतीनं ते बोलत आहेत. सकाळपर्यंत ती उठली नाही तर मंडळीच्या नावांतून तिचं नाव जाईल. तिच्या लग्नाला, आजाराला, मरणाला मंडळी येणार नाही. लग्न हा शब्द त्यांच्या तोंडून सवयीनं निघाला असावा.

“लग्नाचं ऱ्हाऊ दे आता,” आत्या म्हणाली. “मरणाचं म्हणशील तर बरंच की. कुंपणाबाहेर त्ये एकलेच हायेत.”

पारखेसाहेबांनी प्रार्थना केली, फार लहान, आणि माणसं परतली.

अंधार पडायच्या आत मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. आईनंच बांधून दिलं होतं. अण्णा समोर बसले होते, पण त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आत्यानं भाकरीचा एक तुकडा मुंग्यांसाठी मुळाशी टाकला आणि मग खायला सुरुवात केली.

मी धीर केला. “आत्या, मामा प्यायचे का गं?”

ती घास चावत राहिली. “चहासुदीक बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायचा तो माणूस. दोन घोट झाले की म्हणायचा, हन्ना, बास, झोप उडंल.” तिला थोडं हसू आलं. “मडकं त्यांच्या अंगावर फुटलं, एवढं खरं.”

“मग ते चढले कशाला?”

“सलू, ह्ये विचारायचं हाय तर दुसऱ्याला विचार.”

“कुणाला?”

ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावून प्यायली आणि मग म्हणाली, “बायको नवऱ्याचं चांगलंच सांगणार. त्याला मोल न्हाई. ज्याचं मोल व्हईल त्यानं सांगावं.”

मला वाटलं, ती देवाविषयी बोलतेय.

अण्णांच्या दोन सवयी घरात सगळ्यांना पाठ होत्या. त्यांना शेळी चालत नसे. एके काळी आमच्याकडे तांबडी, गळ्याला लोंबत्या असलेली शेळी होती. ती एका बाजारी अण्णांनी अचानक विकली, आणि पुढं मी आजारी पडले तेव्हा वैद्यानं शेळीचं दूध सांगितलं तरी त्यांनी दारात शेळी येऊ दिली नाही. दुसरी सवय कडीची. चर्चच्या मागल्या खोलीची किल्ली पंच म्हणून त्यांच्याकडे असे. तिथं प्रभुभोजनाचे पेले, फुलदाण्या आणि तो वर्षातून एकदाच बाहेर निघणारा कोयता असायचा. ते दार लावलं की अण्णा दहा पावलं चालून मागं येत, कडी ओढून पाहत, पुन्हा चालू लागत आणि पुन्हा मागं येत. गावातली पोरं त्यांची नक्कल करत.

रविवारी उजाडताना मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी कोयता काढला, कडी लावली, मागं येऊन पाहिली. तिसऱ्यांदा ते मागं आले तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, लागलीय.”

“लागली असं वाटतं,” ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा मंडळी जमलेली होती, कोऱ्या कपड्यांत. पारखेसाहेब आमच्या आधीच येऊन आत्याच्या शेजारी मातीतच बसले होते. बहुधा घरून किटलीत चहा घेऊन आले असावेत, कारण दोघांच्या हातात कप होते. आत्या उठली नव्हती. तिनं कूस मात्र बदलली होती, म्हणजे झाडाला टेकण्याऐवजी आता तिनं एक हात झाडाभोवती घातला होता, जसा आजारी माणसाभोवती घालतात.

“हन्ना,” अण्णा म्हणाले, “शेवटचं विचारतो.”

“मी काय झाड बांधून ठेवलंय का?” आत्या म्हणाली. “मी नुसती बसलीय. ज्याला चढायचं त्यानं माझ्यावरनं चढावं.”

अण्णांनी याकोबला खूण केली. याकोब दांडगा गडी, पण त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं आत्याच्या डोक्यावरून झाडाला दोर टाकला, कमरेला वेढा घेतला आणि दुसरं टोक अण्णांच्या पुढं धरलं.

“काका, टोक तुम्ही धरा. नीट धरा,” तो हळूच म्हणाला. “शांतवनमामांच्या टायमाला दोर धरायला कुणी न्हवतं.”

अण्णांनी दोर घेतला नाही.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. याकोबनं दोर आणखी पुढं केला. अण्णा दोराकडे पाहत होते. मी त्यांचा दंड धरला.

“असायला हवं होतं,” ते म्हणाले. “दोर धरायला मी असायला हवं होतं.”

“अण्णा?”

“हाच कोयता होता त्याच्या हातात.”

आत्यानं डोळे मिटले.

अण्णा शाळेत शिकवत आलेले. त्यांचं बोलणं सरळ, एकामागं एक वाक्य लावलेलं. त्या सकाळीही तसंच होतं, फक्त आवाज कुणा दुसऱ्याचा होता. “त्या साली पांढरी झावळी आदल्या दिवशी काढली होती. तुम्ही सगळे होतात. मी ती मागल्या खोलीत ठेवली. कडी लावायची राहिली. पहाटे जाऊन बघतो तर आमची तांबडी शेळी आत. देठ तेवढा उरला होता.”

मागं कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं, आणि फुटता फुटताच मेलं.

“मंडळी जमायच्या आत दुसरी आणू, म्हणून मी शांतवनला उठवला. तो म्हणाला, भाऊ, एका साली दोन झाडं कशाला? एखादी हिरवीच नेऊ. मी म्हणालो, माझी अब्रू राख.” ते थांबले. “कोयता त्याच्या हाती दिला आणि मी चर्च झाडायला गेलो. दोघं एकदम दिसलो नाही तर कुणीतरी विचारील, म्हणून. परत आलो तेव्हा तो खाली होता. पडताना ताडीवाल्याचं मडकं त्याच्या अंगावर फुटलं. मी कोयता उचलला, ओढ्यात धुतला, आणि मागल्या खोलीत नेऊन ठेवला.”

ओढ्यात त्या दिवसांत पाणी घोट्याएवढंच असे. ते वाहताना ऐकू येत होतं.

“कुंपणाबाहेर पुरायचं ठरलं तेव्हा हात वर करायला सांगितलं होतं. मीही केला.”

याकोबनं कमरेचा वेढा सोडला. त्याची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. पारखेसाहेब उठले, पण त्यांनी उपदेश केला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. अण्णा तिथंच उभे होते. कुणी त्यांच्याजवळ जात नव्हतं, कुणी त्यांच्यापासून दूरही जात नव्हतं.

मग आत्या उठली. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत. तिनं अण्णांच्या मुठीतून कोयता सोडवला, एकेक बोट उचलून. मला वाटलं, आता ती तो ओढ्यात फेकणार. तिनं टाचा उंचावल्या आणि शेंड्याखालून लोंबत हाताच्या टप्प्यात आलेली, वाळून तपकिरी झालेली एक झावळी कापली. मग दुसरी. मग तिसरी.

“ह्या घ्या,” ती म्हणाली. “ह्या झाड आपणहून टाकणार हाय. देवाला टाकाऊ द्या म्हणत न्हाई मी. पण झाडाचा जीव तेवढा नका देऊ. तो आपला न्हवं.”

पहिली तिनं अण्णांच्या हातात दिली.

हिरव्या झावळ्या वाजत नाहीत. वाळलेल्या वाजतात. त्या दिवशी आमची मिरवणूक खडखडत निघाली. हाती झावळ्या थोड्याच, बाकीच्यांनी वाटेवरच्या लिंबाच्या डहाळ्या घेतल्या. गाणं सांगायला कुणी पुढं होईना, तेव्हा आत्यानंच सुरू केलं, आणि तेही आमच्या पुस्तकातलं नव्हतं:

“पयली माझी ओवी गं, वरल्या त्या धन्याला
पाखराला खोपा दिला, झाड दिलं खोप्याला…”

अध्यक्षसाहेब चर्चच्या फाटकाशी हार घेऊन उभे होते. त्यांनी त्या तपकिरी झावळ्यांकडे पाहिलं, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि ते बाजूला झाले. उपासना संपल्यावर पारखेसाहेबांनी स्वतः घंटेचा दोर हातात घेतला आणि मयताची घंटा वाजवली, सावकाश, एका ठोक्याचा नाद पुरता विरल्यावर दुसरा. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळे उभे राहिले. त्याच आठवड्यात याकोबनं निवडुंगाचं कुंपण एका बाजूनं तोडलं आणि मामांच्या मातीच्या पलीकडून पुन्हा लावलं. उन्हाळ्यात शिंदीची फळं पिकली तेव्हा वस्तीतल्या बायांनी बिया वेचून ओढ्याच्या काठानं टोचल्या. त्यातल्या कितीतरी जगल्या. आज त्या माझ्या डोक्यावर गेल्यात. पांढरी झावळी मात्र मांडव्यात पुन्हा कुणी पाहिली नाही.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

दुपारी आत्या आमच्या घरी जेवायला आली. इतक्या सालांत पहिल्यांदाच. आईनं पुरणपोळी केली होती. अण्णा पानावर बसले, पण त्यांचा हात पानाला लागत नव्हता. मग त्यांनी विचारलं, “हन्ना, तुला ठाऊक होतं?”

“व्हतं.”

“कोण बोललं?”

“कुणी न्हाई. त्या पहाटे मी जागीच व्हते.” आत्या पोळीचा तुकडा मोडत होती, लहान, आणखी लहान. “तुझी हाक आली. दाराशी तुमचं बोलणं झालं त्ये समदं ऐकलं. मग त्ये आत आले, पागोटं घ्यायला. म्हणाले, हन्ना, भाऊ म्हणतोय, जाऊ का?”

“मग?”

“मी कूस बदलली. झोपेचं सोंग घेतलं.” तिनं मान वर केली, अण्णांकडे नाही, दाराबाहेरच्या उन्हाकडे. “मला पांढऱ्या झावळीमागं चालायचं व्हतं, भाऊ. लुगडं कांजी घालून ठेवलं व्हतं. शेंड्याची ती ओवी मी मागनं रचली. त्या पहाटे नुसतं ‘जाऊ नका’ म्हणाले असते, तरी पुरलं असतं.”